सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५–९२: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक संगीतकार एफेक्स ट्विनच्या या पहिल्या अल्बमबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. कोणी तो परवाच ऐकलेला असतो, कोणाला मित्राने बळेच ऐकवलेला असतो, तर कोणाला ‘यात एवढं काय आहे’ हे तावातावाने विचारायचं असतं. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उत्तरं देणारा या अल्बमच्या बाजूचा आहे, तेव्हा निःपक्षपाती परीक्षणाची अपेक्षा ठेवू नका.

अल्बम कोणाचा, कधीचा?

रिचर्ड डी. जेम्सचा. एफेक्स ट्विन हे त्याच्या अनेक टोपणनावांपैकी सगळ्यांत गाजलेलं. जन्म १९७१ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. वाढला मात्र कॉर्नवॉलमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, लंडनच्या क्लबांपासून बऱ्याच लांब. अल्बम नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘अपोलो’ने काढला. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या ‘आर अँड एस रेकॉर्ड्स’ने ॲम्बियंट संगीतासाठी काढलेली ही शाखा. तेरा ट्रॅक आहेत आणि एकूण वेळ ७४ मिनिटांच्या थोडा वर. त्या काळच्या सीडीत मावायचं तेवढं सगळं भरलेलं. जेम्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

ॲम्बियंट टेक्नो म्हणजे नक्की काय?

टेक्नो अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन वगैरे मंडळींनी ऐंशीच्या दशकात ते घडवलं. ड्रम मशीनचा सरळ, न थकणारा ठेका आणि त्यावर सिंथेसायझर. काम एकच, लोकांना नाचवणं. ॲम्बियंटचं उलटं. ब्रायन ईनोने १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढून या प्रकाराला नाव दिलं. लक्ष देऊन ऐका किंवा नुसतं खोलीत वाजू द्या, दोन्ही चालावं असं संगीत.

ही दोन टोकं एकत्र आली ती १९९० च्या आसपास ब्रिटनमध्ये, आणि त्यामागे व्यावहारिक कारण होतं. रेव्ह पार्ट्यांमध्ये रात्रभर नाचून दमलेल्यांना बसायला जागा हवी होती. क्लबांनी मोठ्या हॉलशेजारी ‘चिल-आउट रूम’ सुरू केल्या. लंडनच्या हेवन क्लबमध्ये १९८९ साली ॲलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी अशाच एका खोलीत रेकॉर्ड लावायचे. त्यातून पुढे पॅटरसनचा ‘द ऑर्ब’ हा गट नावारूपाला आला आणि कॉटीच्या ‘द केएलएफ’ने १९९० मध्ये ‘चिल आउट’ हा अल्बम काढला. म्हणजे जमीन नांगरून तयार होती. जेम्सने काय केलं, तर ठेका काढून न टाकता त्याचा आवाज खाली आणला आणि धून वर आणली. या अल्बममध्ये टेक्नो आणि ॲम्बियंट आळीपाळीने येत नाहीत. दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

शीर्षकातल्या ‘८५’वर विश्वास ठेवायचा का? तेव्हा तो शाळेत असेल!

शाळेतच होता. तेरा-चौदा वर्षांचा. म्हणून तर या आकड्यावरून श्रोत्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, पोराने खरंच त्या वयात सुरुवात केली. दुसरा म्हणतो, काहीतरी भव्य वाटावं म्हणून टाकलेला आकडा आहे. माझं मत विचाराल तर अल्बमचा बराचसा भाग नव्वदच्या आसपासचा वाटतो, कारण ठेक्यांची ठेवण त्या काळातल्या हाउस आणि टेक्नोची आहे. पण एखादा सुटा तुकडा जुना नसेलच, अशी पैज मी लावणार नाही.

आवाज मळकट का येतो? माझे इअरफोन गेलेत की फाइल खराब आहे?

दोन्ही ठीक आहेत. मूळ रेकॉर्डिंग साध्या कॅसेटवरचं आहे. कॅसेटची टेप अरुंद असते आणि सेकंदाला पाच सेंटीमीटरपेक्षाही कमी वेगाने सरकते. त्यामुळे वरच्या पट्टीतली चमक जाते, मागे सतत ‘स्सस्स’ राहतो आणि वेग किंचित कमीजास्त झाला की सूर हलकेच डुलतो. आवाज जास्त भरला तर टेप तो कापत नाही, दाबते. म्हणून किक ड्रम, म्हणजे ठेक्यातला खालचा ‘धप्प’ आवाज, टोचत नाही, गोलसर लागतो. एका मांजराने मूळ टेपचा चावा घेतला होता, अशीही कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, ऐकताना पटते.

महागड्या स्टुडिओत हेच तेरा ट्रॅक नव्याने, स्वच्छ रेकॉर्ड केले तर चांगले होतील का, असं पुष्कळ जण विचारतात. मला नाही वाटत. ‘एक्सटल’ या पहिल्या ट्रॅकमधली हाय-हॅट, म्हणजे झांजेसारखा बारीक ठेका, काचेसारखी लख्ख झाली तर ती पुढे येईल आणि मागचे सूर झाकोळतील. आत्ता टेपनेच सगळ्यांना एका पातळीवर आणून बसवलंय.

तीस वर्षं उलटून गेली. लोक अजून का ऐकतात?

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘काळाच्या पुढचा अल्बम’. मला ते उत्तर फारसं पटत नाही. काळाच्या पुढचं संगीत काळ आला की शिळं होतं. ज्या यंत्रांचं १९९२ मध्ये नवल होतं त्यांची नक्कल आज फोनवरच्या ॲपमध्ये मिळते. नुसत्या नवलाईवर हा अल्बम टिकला असता तर एव्हाना संग्रहालयात गेला असता.

तो टिकला तो धुनांमुळे. ‘एजिसपोलिस’ ऐका. खाली संथ, जवळजवळ आळसावलेली बेसलाइन आणि वर थोडक्या स्वरांची एक साधी धून. दोनदा ऐकली की गुणगुणता येते. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नुसती धडधड, असं मानणाऱ्यांना मी आधी हाच ट्रॅक ऐकवतो. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘डी आन्टवर्ड’ या रॅप गटाने आपल्या ‘अग्ली बॉय’ या गाण्याचा पायाच या ट्रॅकवर रचला. त्या गाण्यामुळे नवी पिढी मूळ ट्रॅकपर्यंत पोचली. वीसेक वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या रॅप गाण्याखाली धून सहज बसते, हे तिचंच श्रेय.

दुसरं कारण ठेक्याचं. टेक्नोचा किक ड्रम बहुतेक वेळा हुकूम सोडतो. इथे तो सोबत चालतो. ‘एक्सटल’ची सुरुवात नीट ऐका. आधी झिरझिरीत हाय-हॅट आणि मागे पसरलेले सूर, मग एका बाईचा हलका स्वर, आणि किक येतो तो उशिरा, दबक्या पावलांनी. तबलजी जसा गवयाला जागा देऊन मागे राहतो आणि समेवर नेमका हजर असतो, तसं काहीसं. ठेका आहे म्हणून पाय हलतो, पण तो अंगावर येत नाही म्हणून कान धुनेकडे राहतो. या दोन गोष्टी एकत्र जमवणं सोपं नाही. त्यानंतर शेकडो जणांनी प्रयत्न केला. बहुतेकांचं एक तरी पारडं जड होतंच.

तिसरं कारण मनःस्थितीचं. हा अल्बम आनंदी की उदास, हे ठरवता येत नाही. ‘हेलिओस्फॅन’मध्ये ड्रम पळत असतात आणि वरची धून मात्र संथ, भव्य आणि थोडी हुरहुर लावणारी. परीक्षेच्या काळात ऐकलेला तोच ट्रॅक पुढे पहिल्या नोकरीत, रात्री उशिराच्या रिकाम्या लोकलमध्ये, वेगळाच वाटतो. बदललेले आपण असतो, हे मान्य. पण ठाम भाव असलेलं संगीत असं बदलू देत नाही. ‘जीवनातला सर्वांत आनंदाचा क्षण’ अशी पाटी लावलेलं गाणं दुःखात ऐकवत नाही. इथे पाटीच नाही.

आणि एक राहिलंच. हे गावाकडच्या पोराने खोलीत बसून केलेलं काम आहे. बाजाराचा अंदाज घेऊन केलेलं वाटत नाही. आपल्या मित्रांना ऐकवण्यासाठी केल्यासारखं वाटतं. श्रोत्यालाही मग उगाच वाटतं की कॅसेट आपल्याच हातात दिली होती.

यात गाणं, शब्द काही आहेत का?

जवळजवळ नाहीत. ‘एक्सटल’मधला बाईचा आवाज शब्दांपर्यंत पोचतच नाही. तो एका तयार पार्श्वसंगीताच्या रेकॉर्डवरून उचललेला आहे, हे चिकाटीच्या श्रोत्यांनी नंतर शोधून काढलं. ‘वी आर द म्युझिक मेकर्स’मध्ये मात्र एक ओळ स्पष्ट ऐकू येते. ती ‘विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या १९७१ च्या चित्रपटातल्या जीन वाइल्डरच्या तोंडची. आणि चित्रपटात ती आली एकोणिसाव्या शतकातल्या आर्थर ओशॉनेसी या कवीच्या कवितेतून. कवितेतून चित्रपटात, चित्रपटातून कॅसेटवर. ओळीने बराच प्रवास केलाय.

सगळे ट्रॅक सारखेच चांगले आहेत का? खरं सांगा.

नाहीत. ‘ग्रीन कॅल्क्स’ कर्कश आहे आणि नव्या श्रोत्याला तिथेच दचकायला होतं. ‘हेडफेलिम’ काळोखा आणि धपधपीत आहे. घरात कोणी झोपलेलं असेल तर तिथे आवाज कमी करावा लागतो. ‘डेल्फियम’ मला अजून धड आठवत नाही, ऐकून संपला की निसटतो. ‘था’ नऊ मिनिटांचा आहे. त्यात दूरवर माणसं बोलत असल्याचा भास होतो. अनेकांचा तो सर्वांत लाडका आणि अनेकांना तिथेच डुलकी लागते. दोघांचंही बरोबर आहे.

तरीही ट्रॅक गाळून स्वतःची यादी करू नका, निदान पहिल्या दहा वेळा. ‘आय’ हा मिनिटभराचा, ठेकाच नसलेला तुकडा एकटा ऐकला तर काहीच नाही. ‘एजिसपोलिस’ संपल्यावर आणि ‘ग्रीन कॅल्क्स’ अंगावर येण्याआधी आला की त्याचं काम कळतं.

ट्रॅकची नावं अशी विचित्र का?

काही इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेतली आहेत, काही ग्रीक-रोमन इतिहासातली आणि काही बहुधा कानाला बरी वाटली म्हणून ठेवलेली. जेम्स कॉर्नवॉलच्या कॉलेजात इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत होता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गूढ अर्थ शोधण्यात वेळ घालवू नका.

‘व्हॉल्यूम टू’ म्हणजे याचाच दुसरा भाग ना?

नावापुरता. १९९४ मध्ये ‘वॉर्प’ या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’मध्ये ठेका जवळपास गायब आहे, एक सोडून बाकी ट्रॅकना नावंही नाहीत, त्यांच्या जागी छायाचित्रं आहेत. काही ठिकाणी तो चक्क भीतीदायक होतो. पहिल्याच्या अपेक्षेने दुसरा लावला की निराशा ठरलेली. काही महिने जाऊ द्या आणि वेगळा अल्बम म्हणून ऐका.

हे गोवा ट्रान्ससारखंच आहे ना?

हा प्रश्न आपल्याकडेच येतो, आणि तो अगदीच गैरलागू नाही. काळ एकच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर पार्ट्या चालत. उष्णतेत, धुळीत विनाइल टिकत नाही म्हणून गोवा गिलसारखे डीजे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवरून संगीत लावत. यंत्रंही थोडीफार तीच. पण गोवा ट्रान्स चढत जातं. थरावर थर, वेग जास्त, आणि मोकळ्यावर मोठ्या आवाजात पहाटेपर्यंत नाचणं हाच त्याचा हेतू. हा अल्बम चढत नाही आणि कुठे पोचायची त्याला घाईही नाही. शिवाय किनाऱ्यावर तो लावला तर समुद्राच्या आवाजात अर्धा बुडेल.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर मुंबईची एक गोष्ट सांगायला हवी. हिंदी चित्रपटांत वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. रोलंड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं आणि त्यांवर भैरव, ललित, भूपाली. त्यातली ३०३ म्हणजे खरं तर गिटारवाल्यांना सरावासाठी बेसची साथ देणारा डबा. तो बाजारात आपटला, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागला आणि पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच्यातून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला. सिंग यांचं रेकॉर्डिंग त्याच्याही आधीचं. तेव्हा ते कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये पुन्हा निघालं तेव्हा जगभरचे टेक्नोवाले चक्रावले. २०१५ मध्ये सिंग मुंबईत वारले. एफेक्स ट्विनशी त्यांचा थेट संबंध जोडू नका, तसा काही पुरावा नाही. पण हा अल्बम आवडणाऱ्याने तोही ऐकलाच पाहिजे.

जेम्सच्या मुलाखतींतलं काय खरं धरायचं?

कमीच. तो मुलाखतकाराची फिरकी घेतो, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. झोपेत सुचलेलं संगीत उठून रेकॉर्ड केलं वगैरे वाचून मजा घ्यावी. एक बोलणं मात्र मला नेहमी पटलंय. या सगळ्या संगीताला पुढे ‘इंटेलिजंट डान्स म्युझिक’ असं लेबल लागलं. त्यावर त्याचं म्हणणं असं होतं की हे म्हणजे आमचं तेवढं हुशार आणि बाकीच्यांचं बिनडोक, असं सांगण्यासारखं झालं.

याचे चाहते जरा जास्तच वेडे असतात, हे खरं का?

खरं. सर्वांत मोठा पुरावा २०१४ चा. ‘कॉस्टिक विंडो’ या नावाने जेम्सने १९९४ मध्ये एक अल्बम तयार केला होता. नमुन्याच्या मोजक्या विनाइल प्रती निघाल्या आणि पुढे तो बाजारात आलाच नाही. वीस वर्षांनी त्यातली एक प्रत विकायला निघाली. चाहत्यांनी वर्गणी काढली, रीतसर परवानगी घेऊन ती प्रत विकत घेतली आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला डिजिटल प्रत मिळाली. मग ती विनाइल ईबेवर लिलावात काढली. ‘माइनक्राफ्ट’ हा गेम करणाऱ्या मार्कस पेर्सनने ती ४६,३०० डॉलरला घेतली. आपल्याकडे वर्गणी म्हटलं की मंडप आणि लाउडस्पीकर आठवतात. इथे हजारो अनोळखी लोकांनी एका न निघालेल्या रेकॉर्डसाठी पैसे काढले.

जेम्सनेही परतफेड केली म्हणा. २०१५ च्या सुरुवातीला साउंडक्लाउडवर एका आकडेवजा नावाच्या खात्यावर दोनशेहून अधिक जुने, अप्रकाशित ट्रॅक फुकट पडू लागले आणि ते त्याचेच निघाले. त्यातले काही या अल्बमच्या काळातले वाटतात. ‘सिलेक्टेड’ हा शब्द नुसता शोभेचा नव्हता, हे तेव्हा उघड झालं.

कशावर ऐकावा?

फोनच्या स्पीकरवर नको. बेसच ऐकू येत नाही आणि मग उरतो नुसता चरचराट. साधे पण कान नीट बंद करणारे इअरफोन पुरतात. इक्वलायझर लावून ‘ट्रेबल’ वाढवण्याचा मोह टाळा, टेपची खरखर तेवढी वाढेल. विनाइल हवीच असेल तर दोन रेकॉर्डचा संच येतो. इथे मागवायचा तर टपालखर्च आणि कस्टम्स धरून किंमत बघा, मग ठरवा.

अभ्यास करताना, काम करताना लावला तर चालेल?

चालेल. फक्त ‘ग्रीन कॅल्क्स’ला सावध राहा.

आवडला. आता पुढे काय?

१९९२ मध्येच ‘वॉर्प’ने काढलेला ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा संग्रह घ्या. जेम्स त्यात ‘द डाइस मॅन’ या नावाने आहे. मुखपृष्ठावर आरामखुर्चीत झोपलेला यंत्रमानव आहे, म्हणजे हे संगीत घरी बसून ऐकायचं, हे कंपनीने चित्रातच सांगून टाकलंय. मग जेम्सनेच ‘पॉलिगॉन विंडो’ या नावाने काढलेला ‘सर्फिंग ऑन साइन वेव्ज’ हा १९९३ चा अल्बम, ‘ऑटेकर’चा ‘इन्क्युनाब्युला’, ‘ग्लोबल कम्युनिकेशन’चा ‘७६:१४’. त्यानंतर ‘बोर्ड्स ऑफ कॅनडा’ला हात लावा, त्यांना टेपचा मळकटपणा कसा वापरायचा ते नेमकं कळलंय. आणि जेम्सचं अलीकडचं ऐकायचं तर २०१४ चा ‘सायरो’. त्याला ग्रॅमी मिळालं, पण सुरुवात तिथून करू नका.

घरचे म्हणतात, ‘मघापासून एकच वाजतंय.’ काय सांगू?

काही सांगू नका, त्यांच्या दृष्टीने ते खरंच आहे. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बेताच्या आवाजात ‘एजिसपोलिस’ लावून ठेवा आणि विषय काढू नका. आमच्याकडे आईने तिसऱ्या रविवारी विचारलं, ‘ते परवाचं लाव ना, ते हळू हळू जाणारं.’ ‘हेडफेलिम’पर्यंत मात्र जाऊ देऊ नका, तिथे रिमोट हिसकावून घेतला जातो.